जळगांवाहून धुळ्यास

जळगांवाहून निघून, एरंडोल व पारोळें मागें टाकून आम्ही धुळें गांठलें, तोंच वडिलांच्या जुन्या मोटारीच्या पाट्याची पिन तुटली. बाजारांत तशी मिळेना. अखेर एका वृद्ध कारागिरानें तुटक्या तुकड्याचीं मापें घेऊन लेथवर हुबेहूब दुसरी घडविली. नमुना हातीं होता, म्हणूनच हें साधलें!

कोल्हापूर जिल्ह्यांतील शंकरराव कुळकर्ण्यांनीं स्वतः घडविलेली ‘मीरा’ ही छोटी मोटार शेवटपर्यंत नमुनाच राहिली. विक्रीस आलीच नाहीं. उद्यां तिची प्रतिकृति कोणी करूं म्हटलें, तर आधार जुन्या सांगाड्याचा नि आराखड्यांचाच.

याच धुळ्यानें १९२६ सालीं निवर्तलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांचीं दप्तरें संशोधन मंडळ स्थापून जतन केलीं. यंत्रांच्या कागदांनाहि तीच ममता हवी. तुटकी पिन आम्ही फेंकली नाहीं. मापांच्या चिठ्ठीसह घरीं आणली.