चावी शिपायाकडे



उन्हाळ कांद्याची लागण परवा उरकली, आंबवणीचं पाणीही झालं. तणनाशकाचं आणि पहिल्या खताचं पुढच्या नोंदीत लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी लिहायला पाहिजे. आमच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीत बायकांच्या शौचालयात फुकट पॅड ठेवलेत. ते चालू ठेवायचे का बंद करायचे, यावर त्या दिवशी ठराव आहे. काही जणांना हा विषय इथं नको वाटेल. वाटू द्या. लागणीला चौदा बाया होत्या, त्यांच्याबिगर कांदा काय वाफ्यात आपोआप जात नाही.

विषय निघाला तो ई-केवायसीच्या रांगेवरून. त्या आठवड्यात ग्रामपंचायतीसमोर सकाळी सातपासून बाया उभ्या असायच्या. एका बाईला रांगेतच पाळी आली. शौचालय आहे, फरशीबिरशी बसवलेलं आहे, पण कुलूप. चावी शिपायाकडे, आणि शिपाई बापया माणूस, त्याच्याभोवती आणखी चारजण बसलेले. बाई पदर मागून गुंडाळून घरी गेली. तिचा नंबर गेला, रोज बुडाला तो वेगळाच. हे मला आमच्या घरच्यांनी सांगितलं. माझ्यासमोर कोण बोलणार?

मग महिला सभेत बायांनी मागणी केली. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती नुसती सह्यांवर उरकतात, आमच्यात निदान त्या दिवशी तरी झाली. पंचायतीनं पॅड आणलेही. पण ठेवले कुठं, तर ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, दप्तराशेजारी. शेजारी रजिस्टर. नाव, तारीख, सही. ऑडिटला लागतं म्हणे. तीन महिन्यांत दोन बायांची नावं लागली, आणि त्यातली एक सदस्यच होती. लगेच बोलणं सुरू झालं, "बघा, गरजच नाही, उगाच खर्च."

आता मला सांगा, ठिबकचा व्हॉल्व्ह बंद ठेवून कुणी म्हणतं का की पिकाला पाणी नको होतं?

दिवाळीनंतर आशाताईंनी आणि दोन महिला सदस्यांनी जोर लावला. कुलूप काढलं, दाराला आतून कडी बसवली, आत भिंतीला पत्र्याचा एक डबा टांगला. रजिस्टर नाही, काही नाही. पहिला डबा पाच दिवसांत संपला. आता बोलणं उलटं झालं, "बाया घरी नेतात." माझं म्हणणं, नेऊ द्या की. घरी असते तर तिनं डब्यातून का नेले असते? नळाचं पाणी भरून नेलं तर आपण चोरी म्हणत नाही.

स्कॉटलंडनं याच गोष्टीचा कायदा केला. 2020 साली तिथल्या संसदेनं एकमतानं मंजूर केला, 15 ऑगस्ट 2022 पासून लागू झाला. शाळा-कॉलेजांनी आणि तिथल्या स्थानिक संस्थांनी ही साधनं फुकट द्यायची. मला त्यातली एक अट आवडली: वस्तू सहज मिळाली पाहिजे आणि मिळवताना माणसाची इज्जत राहिली पाहिजे. म्हणजे कपाट, सही, शिपाई हे सगळं त्यात बसत नाही. आपल्याकडं 2018 साली अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, बचत गटामार्फत. चांगलीच होती. पण दप्तरात पाकीट नसताना शाळेतच पाळी आली तर मुलीनं काय करायचं? ती वस्तू शौचालयातच पाहिजे, जसा साबण नळापाशी पाहिजे.

खर्चाचं बघू, कारण ठराव खर्चावरच अडणार आहे. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड 2019 पासून एक रुपयाला एक मिळतो. महिन्याला तीनशे धरले तर तीनशे रुपये, वर्षाला 3,600. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चावेच लागतात. त्या पैशातून आमच्याकडं काय काय झालं ते लिहीत नाही, एका सत्काराच्या शाली-नारळाचं बिल मात्र यापेक्षा मोठं होतं.

खरी अडचण पुढं आहे, आणि विरोध करणाऱ्यांचा हा एकच मुद्दा मला पटतो. वापरलेल्या पॅडचं काय? कृषीवाल्या मित्रांना सांगायला नको, पॅडच्या पोटात पाणी धरणारी जी पावडर असते ती आपण जमिनीत ओलाव्यासाठी टाकतो त्या हायड्रोजेलच्याच जातीची. खालचा पडदा प्लास्टिकचा, मल्चिंग पेपरचा भाऊच समजा. उकिरड्यात टाकलं तर कुजत नाही, तो पडदा शेणखतातून रानात येतो. संडासात टाकलं तर पाइप तुंबतो, आमचा एकदा तुंबलाच. बांधावर जाळलं तर प्लास्टिकचा धूर. सध्या आत झाकणाची बादली ठेवलीय, शेजारी रद्दी पेपर. सफाईवाल्या ताई आठवड्यातून दोनदा उचलतात. त्यांना हातमोजे आणि या कामाचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत, हे ठरावात लिहून घ्यायचं आहे. नाहीतर एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या उघड्या हातावर. ज्यांना कापडी चालतात त्यांच्यासाठी धुवून वापरायचे पॅडही ठेवता येतील, पण त्याला घरी पाणी आणि उन्हात उघड्यावर वाळत घालायची मोकळीक लागते. सासरी ती कितीजणींना आहे?

आणि ज्या बायांचा ग्रामपंचायतीशी संबंधच येत नाही, त्यांचं काय? बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 साली विधिमंडळात गाजलं, सरकारनं समिती नेमली. कोयत्यावर एक खाडा पडला की पैसे कापतात, फडात ना आडोसा ना पाणी, म्हणून पाळीच नको असं वाटायची वेळ आली बायांवर. तिथं सार्वजनिक इमारत कुठून आणायची? आपल्या रानातसुद्धा चौदा बाया दिवसभर वाकून लागण करतात आणि आडोशाला उसाची सरी. यंदा मी विहिरीपाशी शेडनेटच्या जुन्या तुकड्याचा आडोसा केला, पाण्याची टाकी ठेवली, एक डबा टांगला. खिळे, बांबू धरून सातशे रुपये गेले. टोळीतल्या मावशी लागण संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "आण्णा, खुरपणीलाबी राहू द्या." राहू दिलाय.

26 तारखेला सकाळी झेंडावंदनानंतर सभा आहे. गावातल्या बापयांनो, तुम्हीही हात वर करायला या. तुमच्याकडं बाजार समितीत, तहसीलला, स्टँडवर असा डबा कुठं चालू असेल तर तो भरतं कोण आणि बादली उचलतं कोण, तेवढं कळवा. सभेत सांगायला उपयोगी पडेल.