लेन्स हवी आहे, २८ मिलिमीटरची

गेल्या शनिवारी सकाळी ऑफिसचा लॅपटॉप मिटला आणि घरातली पुढची खोली टेपने मोजली. दहा फूट बाय बारा फूट. जिथे लहानाचा मोठा झालो ती खोली मोजायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली. (बिल्डरच्या माणसाने मोजली होती, पण ती कार्पेट एरियासाठी. माझं दुखणं वेगळं.)

तर झालंय असं, की पार्ले पूर्वेतली आमची तीन मजली बिल्डिंग एकदाची रिडेव्हलपमेंटला चाललीये. महिनाअखेर घर रिकामं करायचं. त्याआधी या खोलीचा एक फोटो काढायचा आणि तो घरच्या झोर्कीवरच काढायचा, असं मी ठरवून बसलोय.

झोर्की म्हणजे आमच्याकडचा रशियन कॅमेरा. आजोबा पवईला आयआयटीच्या प्रयोगशाळेत होते. ती संस्था १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली. तिकडून यंत्रं आली तसे तज्ज्ञही आले. त्यातल्या एका साहेबांनी मायदेशी परतताना आपला कॅमेरा आजोबांना विकला. झोर्की-४. नंबर ६२ने सुरू होतो, आणि झोर्कीच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो बनवल्याचं साल. घरात त्याचा एकच कायदा : फिल्म पुढे घेतल्याशिवाय स्पीडच्या चकतीला हात लावायचा नाही, यंत्र बिघडतं. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

हा रेंजफाइंडर. म्हणजे आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. त्या खिडकीत मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवायची आणि दोन्ही एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. एसएलआरसारखा आत हलणारा आरसा नाही. त्यामुळे लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतो, आणि वाइड लेन्स छोटीशी, सुटसुटीत बनवता येते.

आता गंमत बघा. इतका फायदा असून आमच्याकडे लेन्स एकच : ज्युपिटर-८, ५० मिमी. हिशेब सोपा आहे. फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद. भिंतीला पाठ लावून दहा फुटांवरून ५० मिमीने फोटो काढला, तर समोरची सात फूट रुंदी येते. भिंत आहे बारा फूट. म्हणून आमच्या अल्बमातल्या प्रत्येक समारंभात कोणीतरी अर्धं आहे. माझ्या मुंजीत आत्याचा फक्त हात आहे, तोही पेढा धरलेला. २८ मिमीची लेन्स असती तर त्याच जागेवरून जवळजवळ तेरा फूट आले असते. अख्खी भिंत, शिवाय आत्या!

"फोन आहे ना हातात?" असं तुम्ही म्हणणार. काढला की. 'पॉइंट फाइव्ह' दाबलं आणि अख्खी खोली आली. बाबांनी बघितला आणि म्हणाले, "ही आपली खोली? इथे लग्न लागेल रे!"

म्हणून मग रात्री जागून शोधाशोध. लेन्सच्या दुनियेत खरं तर दुष्काळ नाही. १९९९ साली जपानच्या कोसिना कंपनीने फोइग्टलँडर हे जुनं जर्मन नाव घेऊन आट्यांच्या, म्हणजे स्क्रूने बसणाऱ्या, नव्याकोऱ्या वाइड लेन्स काढल्या. त्यात पुढे २८ मिमीसुद्धा आली. झोर्कीचेही आटे तेच, जुन्या लायकाचे, ३९ मिमी व्यासाचे. पण हळूहळू कोसिनाही लायका एमच्या बायोनेटकडे वळली. तिचे बेसा कॅमेरे २०१५च्या सुमारास बंद झाले, लेन्स मात्र चालू आहेत. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्याही उतरल्यात. कारण एम लेन्स एक रिंग लावून आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यांवर बसते, म्हणजे गिऱ्हाईक भरपूर. आट्यांच्या झोर्कीसाठी कोण कशाला बनवेल? जुन्या बाजारात आहेत, पण भाव बघून मी टॅब बंद केला.

या भानगडीत एक गोष्ट कळली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. लायकाने १९५४ साली एम-३ काढला तेव्हा आटे सोडून बायोनेट घेतलं. धंद्याच्या रीतीने जुन्या लेन्स भंगारात जायच्या. पण आट्यांच्या कॅमेऱ्यात लेन्स फिल्मपासून २८.८ मिमीवर बसायची, आणि नव्या माउंटचं अंतर ठेवलं २७.८. एक मिलिमीटर कमी. त्या एका मिलिमीटरात रिंग बसते, आणि रिंगेवर जुनी लेन्स, फोकस अचूक. याला म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! आम्ही दर रिलीजला जुन्या एपीआय मोडतो आणि वर क्लायंटला मायग्रेशन गाइड पाठवतो. उलटा प्रवास मात्र नाही. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाही. सोय करायची ती नव्याने, आणि तीही आधीच.

हे सगळं मी बाबांना उत्साहाने सांगत होतो. मध्येच विमान गेलं, म्हणून थांबलो. (पार्लेकरांना सांगायला नको, आम्ही वाक्याच्या मध्यात थांबायला जन्मजात शिकतो.) विमान गेल्यावर बाबा म्हणाले, "भाड्याच्या जागेत खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

मला माहीत नव्हतं. लिफ्ट, पार्किंग, ऑफिसपासूनचं अंतर, सगळ्याचं एक्सेल शीट होतं. त्यात खिडकीचा कॉलम नव्हता. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी याच खोलीत, याच खिडकीशी पेपर वाचतात. पार्ले बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला तरी वाऱ्याची दिशा बघून "आज वास आला असता" म्हणणारा माणूस. तीन वर्षं जिथे राहायचं ती जागा त्यांना आम्ही दाखवलीसुद्धा नव्हती.

मी गप्प बसलो. तेच म्हणाले, "आणि मागे सरायला जागा नाही म्हणतोस, ते दार उघडलंस का?"

दार उघडून जिन्याच्या पॅसेजमध्ये गेलो. समोरचे आधीच गेलेत. त्यांच्या दाराचं कुलूप पाठीला टोचेपर्यंत मागे सरलो. आणखी चार फूट मिळाले. म्हणजे चौदा फुटांवरून दहा फूट रुंदी. दाराची चौकट जेमतेम बाहेर राहिली. दोन्हीकडचा एकेक फूट गेला, तो गेलाच. आत मधोमध खुर्चीत बाबा, मागे खिडकी. खिडकी उजळ, खोली अंधारी, एक्स्पोजर अंदाजाने.

"फिल्म पुढे घेतलीस?" बाबांनी आतून विचारलं.

"हो."

"मग काढ."

रोल अजून धुवायचाय. सोमवारी एजंटला फोन केला. खिडकी पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळचं ऊन नाही. रविवारी बाबांना घेऊन दुसरी जागा बघायला जातोय.

२८ मिमी मात्र अजूनही हवी आहे. आट्यांची. कोणी बनवत असेल तर कळवा.