सहा सुतांची चूक

शनिवारी सकाळी साडेसहाला दार वाजलं. ओहायोतल्या आमच्या गल्लीत त्या वेळी दोनच गोष्टी जाग्या असतात. एक माझा ऑन-कॉल फोन आणि दुसरे आमचे शेजारी. वय वर्षे ७१, जन्मभर सुतारकाम करून निवृत्त. परसात ८ बाय १० फुटांची शेड बांधत होते. भिंती उभ्या होत्या, छपराचे वासे कापायचे होते आणि त्यांना हाताखाली माणूस हवा होता. मी इंजिनिअर आहे हे त्यांना ठाऊक होतं. कसला, ते मी कधी स्पष्ट केलं नव्हतं :)

वासे म्हणजे काय, कर्ण! रुंदी ८ फूट, म्हणजे भिंतीपासून मधल्या आढ्यापर्यंत आडवं अंतर ४ फूट. उतार '६ ला १२', म्हणजे १२ इंच आडवं गेलं की ६ इंच चढायचं. एकूण चढ २ फूट. पायथागोरस झिंदाबाद. फोनवर मिनिटभरात उत्तर काढलं आणि जाहीर केलं, "५३.६७ इंच. कोन २६.५७ अंश."

आजोबांनी लाकडाकडे बोट दाखवलं. "छान. आता हे पॉइंट सत्तावन्न अंश इथे आखून दाखव."

मी गप्प.

मग त्यांनी फ्रेमिंग स्क्वेअर काढला. दिसायला आपल्या सुतारांचा गुण्याच, फक्त मोठा आणि सपाट पत्र्याचा. एक भुजा २४ इंच, दुसरी १६. मोठ्या भुजेवरचा १२ आणि छोटीवरचा ६ लाकडाच्या एकाच कडेवर धरायचा, बस्स. छोट्या भुजेलगतची रेघ म्हणजे वाशाचा वरचा उभा काप, जो आढ्याला टेकतो. मोठ्या भुजेलगतची रेघ म्हणजे भिंतीवर बसणारा आडवा काप. असाच स्क्वेअर कडेवरून चार वेळा पुढे सरकवला, की चार फुटांचा वासा आखून होतो. अंशांचा संबंधच नाही! वर त्या पात्यावर तक्ताही कोरलेला. ६ च्या खाली १३.४२, म्हणजे एका आडव्या फुटाला वाशाची लांबी इतके इंच. गुणिले ४, ५३.६८. माझंच उत्तर, पण बॅटरी लागत नाही.

ते पातं हातात धरलं आणि राजापूरजवळचं आमचं गावचं घर आठवलं. खरं सांगायचं तर आठवायचं टाळत होतो. महिन्यापूर्वी बाबांचा फोन आला होता. मागच्या पाख्याचे वासे वाळवीने खाल्लेत. काका म्हणतो कौलं उतरवून पत्रा घाला, आत्या म्हणते सरळ स्लॅब टाका. "तू इंजिनिअर ना, तुला काय वाटतं?" मी तेव्हा एका कॉलमध्ये होतो. म्हटलं, "बाबा, काय ते ठरवा, मी पैसे पाठवतो." ते "बरं" म्हणाले आणि आईकडे फोन दिला. तेव्हापासून त्यांनी छपराचा विषय काढलेला नाही.

असो. आजोबा कॉफी आणायला आत गेले आणि मी जोशात आलो. पहिला वासा कापला, तो ठेवून दुसरा आखला, दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. कॉपी-पेस्ट. आजोबांनी परत येऊन पहिल्यावर चौथा ठेवला. चौथा दीड सूत लांब! प्रत्येक वेळी रेघेची जाडी वाढत गेली होती. "पहिल्यावर 'नमुना' असं लिही आणि बाकी सगळे त्याच्यावरूनच आख." मास्टर कॉपीवर दिवसभर प्रवचन देणारा मी, हे दुसऱ्याकडून ऐकत होतो.

पण खरी गंमत पुढेच होती. नमुन्याचा वासा आढ्याला लावून पाहिला, तर भिंतीवर बसायची खाच भिंतीपासून पाऊण इंच बाहेर. म्हणजे आपले सहा सूत. हिशोब तर बरोबर होता! आजोबांनी आढ्याच्या फळीवर टिचकी मारली. दीड इंच जाडीची. माझ्या गणितात आढं म्हणजे नुसती रेघ होती. दोन्ही बाजूंच्या वाशांतून तिची अर्धी अर्धी जाडी वजा करायची असते, तीही उभ्या कापाशी काटकोनात मोजून, वाशाच्या कडेने नाही. "लांब झालाय हे नशीब. आखूड झाला असता तर जळणात." चारही वासे पुन्हा कापले. अंधार पडायच्या आत बाराच्या बारा चढले.

अंग मोडून आलं होतं, पण झोप येईना. आपल्याकडे रविवारची सकाळ झालेली. बाबांना फोन लावला. "बाबा, आपल्या मागच्या पाख्याचा उतार किती आहे?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग शिडी सरकवल्याचा आवाज, आणि आईचा, "अहो, या वयात कशाला चढताय!" भिंतीपासून आढ्याखाली आडवं ९ फूट, चढ ६ फूट. म्हणजे ८ ला १२. तक्त्याप्रमाणे १४.४२, गुणिले ९.

"भिंतीपासून वरपर्यंत वासा १० फूट पावणेदहा इंच," मी ऐटीत म्हणालो, "त्यातून आढ्याची अर्धी जाडी वजा करायची."

"कशाला?" बाबा हसले. "आपले वासे आढ्याच्या वर टेकतात रे, आढ्याला येऊन भिडत नाहीत. वजा काय करतोस? उलट वळचणीचे दोन फूट धर, नाहीतर पागोळ्या भिंतीवर येतील."

एका दिवसात दुसऱ्यांदा नापास. पण मग बाबा पाऊण तास बोलत होते. कुठले अकरा वासे गेलेत, कुठले अजून दणकट आहेत, पत्र्याखाली मे महिन्यात कसं भाजून निघतं, कौलं उतरवून पुन्हा चढवायला किती माणसं लागतात. या सगळ्यावर त्यांचं मत तयार होतं. महिनाभर ते कोणी विचारलं नव्हतं, इतकंच. मीसुद्धा.

शेवटी मी विचारलं, "मग पैसे किती पाठवू?"

"पैसे राहू दे. मृगाच्या आधी काम व्हायला हवं. सुट्टी मिळते का बघ."

एप्रिलअखेरचं तिकीट काढलंय. २४ इंचांचा स्क्वेअर चेक-इन बॅगेत मावतो का, कुणी नेला असेल तर सांगा.