१९८४: विस्तार गेला कुठे?

प्रिय सुहास,

तुझ्या पत्रातलं १९८४चं वर्णन मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते नीट मांडायचं म्हणून हे पत्र लांबणार आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासात ते साल कोरडं गेलं, असं तू लिहिलंस. संख्येवर माझा वाद नाही. जेनेसिसचा त्या वर्षी नवा अल्बम नव्हता. येसने ट्रेव्हर हॉर्नकडून ‘९०१२५’ करवून घेतला होता आणि त्यातलं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ जानेवारी १९८४मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. एवढं यश त्यांना वीस मिनिटांच्या रचनांनी कधीच दिलं नव्हतं. पिंक फ्लॉइड नावापुरता उरला होता आणि वॉटर्स व गिल्मर यांनी त्या वर्षी आपापले स्वतंत्र अल्बम काढले. १९८१मध्ये सुरू झालेल्या एमटीव्हीला चार मिनिटांचं गाणं आणि देखणा चेहरा हवा होता, कंपन्यांनाही तेच हवं होतं. हे सगळं खरं आहे. पण यावरून तू जो निष्कर्ष काढतोस तो यातून निघत नाही. रचना आखूड झाल्या म्हणजे विस्तार संपला, असं तू गृहीत धरतोस. माझं म्हणणं असं की १९८४मध्ये विस्तार मेला नाही, त्याने जागा बदलली. एका गाण्याच्या पोटातून तो बाहेर पडला आणि अल्बमच्या दोन बाजूंमध्ये, एका अल्बमकडून दुसऱ्याकडे, कधी तर दशकभराच्या अंतरावर जाऊन बसला. हे कबूल केलं तर ते साल कोरडं वाटत नाही.

रशचा ‘ग्रेस अंडर प्रेशर’ आधी घेतो, कारण पुरावा तिथे सगळ्यात स्पष्ट आहे. या त्रिकुटाच्या ‘२११२’ने १९७६मध्ये एका बाजूची पूर्ण वीस मिनिटं व्यापली होती, १९७८मध्ये ‘हेमिस्फिअर्स’ने अठरा. १९८४च्या तबकडीवर आठ गाणी आहेत आणि बहुतेक पाच मिनिटांच्या आसपास संपतात. तुझ्या हिशेबाने ही सरळ घसरण. पण ‘द एनिमी विदिन’ या गाण्याच्या नावाखाली ‘भीती’ या मालिकेचा पहिला भाग असं लिहिलेलं आहे. तिसरा भाग ‘विच हंट’ १९८१च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’वर आला होता आणि दुसरा भाग ‘द वेपन’ १९८२च्या ‘सिग्नल्स’वर. म्हणजे तीन अल्बमांत उलट्या क्रमाने पसरलेली एकच रचना आहे ही. आधी जमावाची भीती, मग माणसांवर हत्यार म्हणून चालवली जाणारी भीती आणि शेवटी, १९८४मध्ये, माणसाच्या आत बसलेली भीती. ऐकणारा तीन वर्षं परिणामाकडून कारणाकडे मागे चालत जातो. त्या वर्षीच्या दौऱ्यात बँडने हे तिन्ही भाग एक, दोन, तीन अशा सरळ क्रमाने सलग वाजवले, तेव्हा तेच गाणं वेगळं झालं. ‘२११२’ मला प्रिय आहे, पण त्याला एकच दिशा आहे. या मालिकेला दोन आहेत. घडणीच्या दृष्टीने मी हिला अधिक महत्त्वाकांक्षी मानतो.

याच अल्बमवरच्या ‘रेड सेक्टर ए’बद्दल थोडं थांबून लिहायला हवं. रशच्या गेडी लीची आई नाझी छळछावण्यांतून वाचलेली. १९४५च्या एप्रिलमध्ये बर्गन-बेल्झन मुक्त झालं तेव्हा तिला ते खरं वाटेना. बाहेर जग शिल्लक असतं तर त्याने हे होऊच कसं दिलं असतं, असं तिच्या मनात होतं. तिच्या या आठवणीतून बँडच्या नील पर्टने जे गाणं लिहिलं त्यात देश नाही, साल नाही, छावणी कोणाची तेही नाही. गाण्यात बास गिटार अजिबात नाही. गेडी लीसारखा बासवादक आपलं वाद्य खाली ठेवतो आणि त्या जागी सिंथेसायझरचा एकसुरी ठोका चालू राहतो. तुला हा आवाज यांत्रिक वाटतो. तो यांत्रिकच आहे, आणि हजेरीसाठी रांगेत उभ्या केलेल्या माणसांच्या गाण्यात तो तसाच असायला हवा. जुन्या पद्धतीने याच विषयावर वीस मिनिटांची रचना झाली असती तर तिच्यात एक वाद्यवृंदासारखा चढाव आला असता, शेवटी सुटकेचा मोठा स्वर आला असता, आणि त्या आईच्या मनात सुटकेवरही विश्वास नव्हता ही गोष्ट त्यात हरवली असती.

किंग क्रिम्झनचा ‘थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर’ त्या वर्षीच्या मार्चमधला. ‘डिसिप्लिन’ आणि ‘बीट’नंतरचा तिसरा, आणि त्या चौघांचा शेवटचा, जुलैमध्ये मॉन्ट्रियलला अखेरची मैफल करून बँड मोडला. तबकडीच्या बाजूंना त्यांनी डावी आणि उजवी अशी नावं दिली आहेत. डावीकडे मुख्यतः एड्रियन बेलूची गाणी आहेत, सुटसुटीत, काही रेडिओवर सहज लागतील अशी. उजवीकडे ‘इंडस्ट्री’सारखं कारखान्याच्या लयीत हळूहळू जड होत जाणारं वादन आहे, जिथे सूर म्हणावं असं फार थोडं उरतं. समीक्षकांनी याला दुभंगलेला अल्बम म्हटलं. मला ही दुभंगाचीच रचना वाटते. या चौकडीने ‘डिसिप्लिन’पासून एक पद्धत घडवली होती: दोन गिटार जवळजवळ सारखाच आकृतिबंध वाजवतात, पण एकाचं आवर्तन एका मात्रेने आखूड, त्यामुळे ते हळूहळू एकमेकांपासून सुटतात आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर पुन्हा एका समेवर येतात. तीच कल्पना इथे अख्ख्या तबकडीवर आहे. दोन बाजू एकमेकींपासून सरकलेल्या आहेत. आणि उजव्या बाजूच्या शेवटी ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’चा तिसरा भाग येतो. पहिले दोन भाग १९७३चे. मधल्या अकरा वर्षांत बँड एकदा संपून पुन्हा उभा राहिला होता आणि दोन्ही वेळी हजर असलेले फक्त दोघे, रॉबर्ट फ्रिप आणि बिल ब्रूफर्ड.

इथे तू म्हणशील की नावापुढे ‘भाग तीन’ लिहिलं म्हणून रचना एक होत नाही, ही नुसती क्रमांकांची चलाखी आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. क्रमांकामागे संगीत नसतं तर तू बरोबरच ठरला असतास. पण जुने दोन भाग ऐकून लगेच तिसरा लाव. विषम जागी पडणारे ते ठोकेबाज स्वरसमूह आणि गिटारवरची ती न थांबणारी बारीक वीण तीच आहे. बदललंय ते भोवतालचं सगळं: व्हायोलिन नाही, ब्रूफर्डचे ड्रम अर्धेअधिक इलेक्ट्रॉनिक, टोनी लेव्हिन साध्या बासबरोबर चॅपमन स्टिकही वाजवतो. एकच वाक्य वेगळ्या काळाच्या तोंडून येतं, आणि या दोन काळांतलं अंतर हा त्या रचनेचाच भाग होतो. असं अंतर वीस मिनिटांत दाखवता येत नाही, त्याला अकरा वर्षंच जावी लागतात.

लांबी आणि विस्तार यांची गल्लत आपण करावी याचं मला विशेष वाटतं, कारण आपले कान ज्या संगीतावर तयार झाले तिथे ही गोष्ट केव्हाच सिद्ध झाली आहे. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या या गायिकेने ७८ आरपीएमच्या मर्यादेत गाताना आलापीचे तुकडे गाळले असतील, पण ती भैरवी अपुरी आहे असं म्हणणारा मला भेटायचाय. मैफलीची सर तबकडीला नाही, हे मीही म्हणेन. पण तबकडीच्या बंधनातून जे निपजलं त्याला मैफलीचा उरलासुरला भाग समजणं चूक आहे. तिथे प्रत्येक स्वरावर वेगळी जबाबदारी येते आणि गायकाची निवड उघडी पडते. १९८४च्या या मंडळींवर तसंच बंधन आलं होतं, आणि ते बाजाराने लादलेलं होतं हे मान्य करूनही त्यांनी काय निवडलं हे पाहायला नको का?

कॅमलच्या ‘स्टेशनरी ट्रॅव्हलर’वर तुझा राग जास्त आहे, म्हणून त्याच्याकडे येतो. दुभागलेलं बर्लिन, भिंत ओलांडू पाहणारे निर्वासित, ‘व्होपोस’ म्हणजे पूर्व जर्मन पोलीस, आणि तुटलेल्या माणसांचे लांबलेले निरोप, असा हा अल्बम. तुझा मुद्दा असा की याच बँडने १९७५मध्ये ‘द स्नो गूज’ केला तेव्हा अख्खी कथा शब्दांशिवाय सलग सांगितली होती. त्यापुढे ही सुटी गाणी म्हणजे माघार. पण ‘द स्नो गूज’ला पॉल गॅलिकोच्या पुस्तकाचा आधार होता. कथा आधीच तयार होती, संगीताने तिच्या मागे चालायचं होतं. १९८४मध्ये अँडी लॅटिमरसमोर तयार कथा नव्हती. एक शहर होतं, जे त्या दिवशीही तुटलेलंच होतं, आणि ती भिंत आणखी पाच वर्षांनी पडेल याची कोणाला कल्पना नव्हती. अशा विषयाला सलग, शेवट असलेली रचना खोटी ठरली असती. गाण्यांमधल्या खंडांत ते शहर जास्त खरं उतरतं. शीर्षकगीतात शब्दच नाहीत, लॅटिमरची गिटार आहे आणि ती घाई करत नाही. ‘क्लोक अँड डॅगर मॅन’ मात्र मी तुझ्या पदरात टाकतो. ते त्या काळच्या फॅशनचं गाणं आहे, अल्बममधून काढलं तरी काही बिघडणार नाही.

ड्रमच्या फुगवलेल्या आवाजाबद्दल, त्या चकचकीत कीबोर्डबद्दल तू दोन पानं लिहिलीस. त्याचं उत्तर वरच्या दोन उदाहरणांत आहे. आवाज जुना होणं हा दोष नाही. मेलोट्रॉनही एकेकाळी नवं यंत्रच होतं, आणि आज त्याची घरघर आपण प्रेमाने ऐकतो. आवाज विषयातून उगवलाय की वरून चढवलाय, एवढंच पाहायचं. ‘रेड सेक्टर ए’मध्ये तो विषयातून उगवलाय, ‘क्लोक अँड डॅगर मॅन’मध्ये वरून चढवलाय. माझ्या म्हणण्याची उलट बाजूनेही परीक्षा व्हावी म्हणून जेथ्रो टलचा ‘अंडर रॅप्स’ पाहा. साल तेच, विषय शीतयुद्धातली हेरगिरी, ड्रमवादकाच्या जागी सरळ यंत्र. सगळा मालमसाला रश आणि कॅमलचाच आहे, तरी अल्बम उभा राहत नाही, कारण गाणी एकमेकांना काही देत-घेत नाहीत. शीर्षकगीत दोनदा आहे, एकदा यंत्रांवर आणि एकदा साध्या गिटारवर. दुसरं रूप इतकं चांगलं आहे की पहिलं कशासाठी होतं असा प्रश्न पडतो. विस्तार गाण्यात नसेल आणि गाण्यांच्या मध्येही नसेल, तर तो कुठेच नसतो. इथे तुझं दुष्काळाचं निदान मला पूर्ण मान्य आहे.

तुझा सगळ्यात अवघड प्रश्न तू कंसात लिहिलास: कोणत्याही वर्षातले चार चांगले अल्बम नंतर वेचून कसलाही सिद्धांत उभा करता येतो. माझा दावा ‘हे अल्बम चांगले आहेत’ एवढाच असता तर मी निरुत्तर झालो असतो. पण टोरांटोचे तिघे, लॅटिमरचा बँड आणि फ्रिप-बेलूची अँग्लो-अमेरिकन चौकडी यांचा आपसात काही ठराव झालेला नव्हता, आणि तरी तिन्ही ठिकाणी लांबी गाण्यातून बाहेर आली. १९७३च्या अल्बमांत मला हे असं सापडत नाही. शिवाय याला एक ठळक अपवाद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. हंगेरीच्या सोलारिसने त्याच वर्षी ‘मार्सबेली क्रोनिकाक’ काढला. रे ब्रॅडबरीच्या मंगळावरच्या कथा, पूर्ण एक बाजू व्यापणारी शब्दहीन रचना, अत्तिला कोल्लारची बासरी आणि सिंथेसायझरचे थर. रचनेची जात सरळ सत्तरच्या दशकातली. बुडापेस्टमध्ये सरकारी रेकॉर्ड कंपनीच्या छत्राखाली निघालेल्या या तबकडीवर लंडन-न्यूयॉर्कच्या बाजाराचा दाब नव्हता, म्हणून तिथे विस्ताराला हलावं लागलं नाही. हा अपवाद मला अडचणीचा वाटत नाही. उलट, दाब असेल तिथे घर बदलायचं आणि नसेल तिथे जुन्या घरी राहायचं, ही एकाच प्रवृत्तीची दोन रूपं यात दिसतात. लांबी हा दोष आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. सोलारिसची ती पहिली बाजू मला त्या सालातली सर्वांत आनंदी गोष्ट वाटते.

मॅरिलियनचा ‘फुगाझी’ मी यादीत घेत नाही. त्यात इयन मोझलीचे ड्रम दमदार आहेत आणि अखेरचं शीर्षकगीत मोठं आहे, पण अल्बम म्हणून तो अजून जेनेसिसच्या सावलीत चाचपडतो. त्याचं महत्त्व पुढच्या वर्षात आहे. १९८५च्या ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’मध्ये त्यांनी गाणी एकात एक ओवून तबकडीच्या बाजू सलग केल्या आणि तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे सलग ऐकणारा श्रोता संपला होता हेही खरं नव्हतं.

तेव्हा माझा क्रम असा: रश, क्रिम्झन, सोलारिस, कॅमल. पहिल्या दोघांत मी वर्षातून एकदा तरी अदलाबदल करतो. तू एक कर. रशचे ते तीन भाग आधी निघाले त्या क्रमाने ऐक, तीन-दोन-एक, आणि दुसऱ्या दिवशी एक-दोन-तीन. माझ्या मते उलटा क्रम जास्त भेदक आहे, कारण त्यात दोष जमावावरून सरकत आपल्यापर्यंत येतो. सरळ क्रमात तो आपल्यापासून दूर जातो. तुला उलट वाटलं तर कारणांसकट लिही.

तुझा,
माधव