पवित्र हृदयाच्या महामंदिरातील गिटारी

पाच वर्षांपूर्वी धर्मग्रामातील चार मुले आमच्याकडे एक विनंती घेऊन आली होती. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला त्यांना इलेक्ट्रिक गिटार वाजवायची होती. आम्ही त्यांच्यापुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६३ सालचा उपासनाविषयक दस्तऐवज उघडला आणि ख्रिस्तसभेने पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहे, एवढे सांगून त्यांना निरोप दिला. मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभणारी व भाविकांची उन्नती साधणारी इतर वाद्येही स्वीकारता येतील, असे त्याच परिच्छेदात पुढे म्हटले आहे. ते आम्ही वाचून दाखवले नाही. ठाऊक नव्हते, असे नाही.

त्या चौघांपैकी एकाने गेल्या उपवासकाळात आमच्या हाती एक ध्वनिमुद्रण ठेवले. "फादर, रागावू नका, पण शेवटपर्यंत ऐका."

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरील येशूच्या पवित्र हृदयाचे महामंदिर वाचकांना ऐकून ठाऊक असेल. तेथे १८८५ पासून पवित्र साक्रामेंताची आराधना अखंड चालू आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये, शहराच्या रात्रभर चालणाऱ्या कलामहोत्सवात, त्या महामंदिरात सव्वाशेच्या आसपास इलेक्ट्रिक गिटारी एकत्र वाजल्या. रचनाकार रीस चॅटम हे मूळचे न्यूयॉर्कचे. तरुणपणी हार्पसिकॉर्ड सुरात लावून देण्याचे काम करीत. रचनेचे नाव 'अ क्रिमझन ग्रेल', म्हणजे किरमिजी पात्र. ग्रेल हे प्रभूच्या शेवटच्या भोजनातील पात्र, असे युरोपातील दंतकथा सांगतात.

सेमिनरीत ग्रेगोरियन गायनावर पोसलेले आमचे कान. ते झाकून घेण्याच्या तयारीनेच आम्ही बसलो. पण गोंगाट झाला नाही. तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याचे सूक्ष्म उपस्वरही उमटतात. आपल्या तानपुऱ्याचे मर्म तेच. एकट्या गिटारीत ते विरून जातात. सव्वाशे गिटारींत ते एकमेकांना मिळतात, आणि दगडी घुमटाखालचा प्रतिध्वनी त्यांना लवकर विझू देत नाही. मग कोणीही न वाजवलेले सूर ऐकू येऊ लागतात. दूर कोठेतरी गायकवृंद गात असावा, असे आम्ही म्हणालो, तेव्हा तो मुलगा हसला. तानपुऱ्याशी असलेले हे नाते केवळ योगायोगाचे नव्हे. चॅटम ज्यांच्याकडे शिकले, ते अमेरिकन संगीतकार ला माँट यंग १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते.

त्या महामंदिरातील ऑर्गनविषयी आम्ही नंतर वाचले. १८९८ साली तो एका धनाढ्य उमरावाच्या वाड्यासाठी बांधलेला होता. देवाच्या घरात तो आला १९१९ मध्ये.

मिस्साबलिदानात सव्वाशे गिटारी चालतील, असे आमचे मत नाही. सव्वाशे तबलेही नकोत! मैफल वेगळी, उपासना वेगळी. परंतु त्या दिवशी मुलांना नाही म्हणताना हा विवेक आमच्या मनात नव्हता. आम्हांला कटकट नको होती, इतकेच.

चौघांपैकी दोघे आता आखाती देशांत आहेत. एक मिस्साला येत नाही. उरलेल्या या मुलाला आम्ही तो परिच्छेद परवा संपूर्ण वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग फादर, या नाताळला?"

आवाज किती ठेवायचा, तेवढे आम्ही त्याला सांगितले.