संगणक हाती आला, पुढे काय?

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येक मुलाला स्वतःचा संगणक मिळाला, की शिक्षणाचा प्रश्न सुटेल, असे तुम्हांलाही वाटत असेल. ही कल्पना मलाही आवडते. पण संगणक वाटणे सोपे आणि त्याच्या साहाय्याने शिकवणे कठीण. असे का होते, ते पाहू या.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. २०१५ साली महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा हेतू चांगला होता. पण २०१८ साली आठवीची पाठ्यपुस्तके बदलली. छापील पुस्तक बदलले, तर नवे विकत आणता येते. टॅबमधील धडे मात्र नव्याने भरावे लागतात. त्यासाठी पुन्हा पैसा, माणसे आणि वेळ लागतो. शिवाय टॅबची काच फुटते, बॅटरी खराब होते. दुरुस्तीची सोय नसेल, तर तो कपाटात पडून राहतो.

आता घराकडे वळू. मी घाटकोपरला राहतो. आमच्या शेजारच्या वस्तीत एकेका खोलीत सहा-सात माणसे राहतात. तेथे मुलाने टॅब घेऊन बसायचे कोठे? २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा अनेक घरांत एकच फोन होता. वडील कामावर निघाले, की फोन त्यांच्याबरोबर जाई आणि मुलांची शाळाही!

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने लाखो मुलांना लॅपटॉप दिले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. मुले लॅपटॉप चालवायला शिकली होती. पण गणितात व भाषेत त्यांची प्रगती झालेली दिसली नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावातही २००७ साली याच योजनेचे लॅपटॉप आले होते. तेथे शाळेत शिक्षक एकच होते. लॅपटॉप वापरून कसे शिकवावे, हे त्यांनाही शिकावे लागले. यंत्र मुलाच्या हाती असले, तरी वर्ग शिक्षकच चालवतात.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. ज्या यंत्रात उर्दू नीट उमटत नाही, ते तुमच्या किती उपयोगाचे?

मित्रांनो, म्हणून संगणक नको, असे मी म्हणत नाही. तो जरूर हवा. पण उद्या तुमच्या हाती नवा टॅब पडला, तर आनंदाबरोबर तीन प्रश्नही विचारा. यात माझ्या भाषेतले, यंदाचे धडे आहेत का? तो बिघडला, तर दुरुस्त कोण करील? आणि माझ्या शिक्षकांना तो वापरून शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे का? हे विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगले शिक्षण हा तुमचा हक्क आहे.