पवनीची जगन्नाथ टेकडी

इंग्लंडला शिकणाऱ्या मुलांना भेटून आलेली आपली मंडळी डरहॅमच्या कॅथेड्रलची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने दाखवितात. नॉर्मन राजवटीत, १०९३ मध्ये, त्याचा पाया घातला गेला आणि तेथे आजही नित्य प्रार्थना होते. कौतुक योग्यच आहे. परंतु त्या पायाभरणीपूर्वी हजारांहून अधिक वर्षे आपल्याच भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, एक विशाल धर्मस्थान सामान्य गृहस्थांच्या दानातून उभे राहिले होते, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

ते गाव म्हणजे पवनी. भंडाऱ्याहून सकाळी नवकारशी करून निघाले तर चौविहाराच्या आत सुखाने परतता येते. या वाटेने जाणारे पर्यटक बहुधा कऱ्हांडल्याचे वाघ किंवा गोसीखुर्दचे धरण पाहून माघारी फिरतात. पवनीच्या पूर्वेस नदी आहे आणि उरलेल्या तीन बाजूंना प्राचीन मातीचा तट व खंदक. एवढा खटाटोप कोणी उगीच करीत नाही. राखण्याजोगी संपत्ती आत असली पाहिजे. सातवाहनांची नाणी येथे सापडली आहेत आणि वैनगंगेचे पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते. व्यापाऱ्याच्या नजरेला गावाची जागा लगेच पटते.

जगन्नाथ टेकडीवर आज जगन्नाथाचे मंदिर आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा टेकडीच्या पोटात विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे स्पष्ट झाले. विस्ताराने तो सांचीच्या मुख्य स्तूपाच्या तोडीचा. भोवती कोरीव खांबांची दगडी वेदिका होती. जवळच चांदकापूरच्या टेकडीतही दुसरा स्तूप निघाला.

वेदिकेच्या एका शिल्पापाशी जैन वाचक थबकल्याशिवाय राहणार नाही. मुचलिंद नागराजाने फणा उभारून छत्र धरले आहे आणि त्याखाली आसन रिकामे आहे. बुद्धाची मानवी मूर्ती घडविण्याची प्रथा तेव्हा रूढ झाली नव्हती. आपल्याला मात्र पाहताक्षणी धरणेंद्र आणि पार्श्वप्रभू आठवतात. दोन्ही कथा वेगळ्या आहेत, त्या एक मानण्याचे कारण नाही. पण संकटात नागाने छत्र धरावे ही कल्पना श्रमणांच्या दोन्ही परंपरांना सारखीच प्रिय होती.

खरे मोल आहे ते दगडांवरील ब्राह्मी अक्षरांचे. लेख अगदी त्रोटक, प्राकृत भाषेत. अमुक व्यक्तीचे दान, एवढेच. विसमिता नावाच्या एका स्त्रीने आपल्या दानाबरोबर सर्व सत्त्वांच्या सुखाची इच्छा कोरून ठेवली आहे. संवत्सरीला सर्व जीवांशी मैत्री चिंतणाऱ्या आपल्या कानांना हे शब्द परके वाटत नाहीत. दानाची रक्कम कोठेही नाही. (आपल्या मंदिरांतील संगमरवरी फलकांवर आकडाच आधी डोळ्यांत भरतो, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.)

स्तूप म्हटला की तो बौद्धांचा, असे आपण समजून चालतो. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर जैन स्तूप होता. तेथील लेखांत लोहाराच्या आणि गंधी व्यापाऱ्याच्या घरची माणसे दाते म्हणून येतात. स्त्रिया तर कितीतरी. लोणशोभिका गणिकेची कन्या वसू हिने अर्हत वर्धमानांसाठी अर्पण केलेला आयागपटही मथुरेचाच. पवनी काय किंवा मथुरा काय, राजाच्या आज्ञेवाचून, एकेका घराने एकेक खांब, एकेक शिला देऊन ही बांधकामे पुरी झाली.

पुढे पवनीत महाक्षत्रप रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ उभा राहिला, वाकाटक प्रवरसेन दुसऱ्याचा ताम्रपट निघाला. म्हणजे गाव नांदतेच राहिले. देणाऱ्यांची परंपरा तेवढी खंडित झाली. डरहॅमची वास्तू टिकली, कारण प्रत्येक पिढीत तिची निगा राखणारे कोणी ना कोणी होते. येथे घुमट नाही, वेदिका जागेवर नाही. उरली आहे ती झाडाझुडपांची टेकडी.

जाणाऱ्यांनी उन्हाळा टाळावा. टेकडी पाहून झाल्यावर गावातून वैजेश्वराच्या घाटावर उतरावे. दिवेलागणीपूर्वी तेथे नदीचे पात्र फार शांत असते.